टोकियोतील मेइजी जिंगू : दर्शन कसे घ्यावे आणि तेथे काय पाहावे?

वैजयंती_नाशिक

नमस्कार. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईबाबांना घेऊन मी टोकियोला जात आहे. भाऊ तेथे नोकरीला असल्यामुळे राहण्याची सोय आहे, मात्र त्याला सुट्टी मिळणार नसल्याने शहरात आम्ही तिघेच फिरणार आहोत. जपानमधील एखाद्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानात नुसते फिरून न येता रीतसर दर्शन घ्यावे अशी आईची फार इच्छा आहे आणि भावाने त्यासाठी मेइजी जिंगूचे नाव सुचवले आहे.

बाबांनी त्याविषयी थोडे वाचले आणि त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, जो मलाही महत्त्वाचा वाटतो. तेथे पूजा होते ती सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांची, म्हणजे ज्यांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात अशा, अगदी अलीकडच्या इतिहासातील दोन माणसांची. अशा ठिकाणी हात जोडताना आपण नेमके कोणाला वंदन करतो आणि ते आपल्या श्रद्धेला धरून आहे का, असे ते विचारतात. जे तेथे जाऊन आले आहेत किंवा टोकियोतच राहतात, त्यांनी दर्शनाची पद्धत, लागणारा वेळ आणि बाबांचा प्रश्न या तिन्हींविषयी मोकळेपणाने लिहावे ही विनंती.

निशीकासाईकर

वैजयंतीताई, आधी वाटेचे सांगतो. यामानोते मार्गावरील हाराजुकू स्थानकातून बाहेर पडले की दक्षिणेचे प्रवेशद्वार अगदी समोर आहे. तुमचे बंधू निशी-कासाईच्या बाजूला राहत असतील, तर तोझाई मार्गाने ओतेमाचीला येऊन चियोदा मार्ग पकडावा आणि मेइजी-जिंगूमाए येथे उतरावे. मंदिरात प्रवेश विनामूल्य आहे. मंदिर सूर्योदयाला उघडते आणि सूर्यास्ताला बंद होते, त्यामुळे नोव्हेंबरात दुपारी चारच्या सुमारास दारे मिटू लागतात. दिवसभर खरेदी करून संध्याकाळी दर्शनाला जाऊ असा बेत करणाऱ्या अनेकांना बंद दारापासून परतावे लागते, म्हणून सकाळीच जावे.

प्रवेशद्वारापासून मुख्य मंदिरापर्यंत खडी घातलेल्या रुंद रस्त्याने सावकाश चालले तरी पंधरा-वीस मिनिटे लागतात. वाट जवळजवळ सपाट आहे, परंतु खडीत पाय रुततो, तेव्हा आईबाबांना चांगल्या तळव्याचे बूट घालू द्यावेत. बूट काढावे लागत नाहीत, कारण सर्वसाधारण दर्शन अंगणातूनच होते.

समीर_ठाणे

माझे मत थोडे वेगळे आहे. आईबाबांना मंदिराचे वातावरण अनुभवायचे असेल, तर असाकुसाचे सेन्सोजी अधिक जवळचे वाटेल. तेथे उदबत्त्यांचा धूर आहे, दुकानांची रांग आहे, भाविकांची वर्दळ आहे. मेइजी जिंगूमध्ये मूर्ती दिसत नाही, रंग नाहीत, आत काय आहे ते कळत नाही. लांबून चालत जाऊन एका अंगणात उभे राहायचे आणि परतायचे, एवढेच माझ्या वाट्याला आले.

अनघा_योकोहामा

समीर, सेन्सोजी सुंदरच आहे, पण ते कान्नोनचे म्हणजे अवलोकितेश्वराचे बौद्ध मंदिर आहे आणि वैजयंतीच्या आईंना शिंतो देवस्थानात दर्शन घ्यायचे आहे. दोन्हीकडचे आचार वेगळे आहेत. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवत नाहीत, शिंतो देवस्थानात वाजवतात.

पद्धत सांगते. तोरीखालून, म्हणजे त्या उंच लाकडी कमानीखालून जाण्यापूर्वी क्षणभर थांबून किंचित झुकावे आणि आत गेल्यावर रस्त्याचा मध्य सोडून कडेने चालावे, कारण मधला भाग देवतेच्या वाटचालीचा मानतात. मंदिराच्या अलीकडे पाण्याचे कुंड असते. उजव्या हातात पळी धरून आधी डावा हात धुवावा, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा, त्यानंतर डाव्या ओंजळीत पाणी घेऊन त्याने चूळ भरावी आणि पुन्हा डावा हात धुवावा. पळीला तोंड लावू नये. शेवटी पळी उभी धरावी म्हणजे उरलेले पाणी दांड्यावरून ओघळते आणि पुढच्या माणसासाठी दांडा स्वच्छ होतो. करोनानंतर अनेक ठिकाणच्या पळ्या काढून टाकल्या आहेत. तसे दिसले तर वाहत्या धारेखाली हात धुतले तरी चालते.

मुख्य मंदिरासमोर दानपेटीत नाणे हळूच सोडावे, दोनदा कमरेतून वाकावे, छातीसमोर हात आणून दोनदा टाळी वाजवावी, हात जोडलेले ठेवून मनातले बोलावे आणि शेवटी एकदा पुन्हा खोल वाकावे. हे सर्व मिनिटभरात होते, पण ते घाई न करता करणाऱ्या माणसाला तेथे उभे राहण्याचा अर्थ आपोआप उमगतो. गर्भगृहाच्या दिशेने समोरून छायाचित्र काढू नये. तशी सूचना तेथे लावलेली असते आणि पहारेकरीही नम्रपणे थांबवतात.

रानभूल

समीर यांनी लिहिलेले वाचून मला राहवले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी वनशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि माझ्या दृष्टीने मेइजी जिंगूचे सर्वांत मोठे दर्शन त्या लांबच्या चालण्यातच आहे. दोन्ही बाजूंनी जे घनदाट अरण्य दिसते, ते नैसर्गिक नाही. सुमारे ७० हेक्टरांचे ते संपूर्ण जंगल माणसांनी लावलेले आहे आणि त्याचे वय जेमतेम शंभर वर्षांचे आहे.

एदो काळात, म्हणजे मेइजी सम्राटांच्या आधीच्या शोगुनांच्या राजवटीत, ही जमीन आधी काटो आणि नंतर ईई या सरदार घराण्यांच्या ताब्यात होती, पुढे ती राजघराण्याकडे आली. देवस्थानाचे काम १९१५ मध्ये सुरू झाले तेव्हा येथे शेते, गवताळ माळ आणि पाणथळ जागा असेच दृश्य अधिक होते. जंगलाची आखणी होंदा सेइरोकू, होंगो ताकानोरी आणि उएहारा केइजी या तीन वनशास्त्रज्ञांनी केली. होंदा यांचे शिक्षण जर्मनीत झाले होते आणि टोकियोतील हिबिया उद्यानाची रचनाही त्यांचीच. तत्कालीन पंतप्रधान ओकुमा शिगेनोबू यांचा आग्रह होता की इसे किंवा निक्को येथील जुन्या देवस्थानांप्रमाणे येथेही सुगी वृक्षांची, म्हणजे जपानी देवदारांची, भव्य राई हवी. देवस्थान म्हणजे उंच सरळसोट सुगी हीच तोवरची कल्पना होती. परंतु टोकियोची माती सुगीला पुरेशी ओल देणारी नव्हती आणि कारखान्यांच्या व रेल्वेच्या धुराने शहरातील सुगी आधीच खंगत होते. या शास्त्रज्ञांनी निक्कोतील आणि टोकियोतील सुगींच्या वाढीची तुलना करून पंतप्रधानांचे मन वळवले. सत्तेच्या इच्छेपुढे मान न तुकवता मातीचे ऐकणारी ती माणसे मला फार मोठी वाटतात.

त्यांनी चार थरांचे जंगल योजले. सर्वांत वर आधीपासून उभे असलेले पाइन, त्याखाली हिनोकी (जपानी सायप्रस) व सुगीसारखे सूचिपर्णी, त्याखाली सदाहरित ओक, त्याच कुळातली शीई आणि कापराची झाडे, आणि तळाशी झुडपे. काळाच्या ओघात वरचे वृक्ष मरत जातील, खालचे वाढत त्यांची जागा घेतील आणि सुमारे १५० वर्षांत रुंद पानांचे सदाहरित अरण्य स्वतःच्या बीजावर उभे राहील, असे टप्प्याटप्प्याने काढलेले आराखडे त्यांनी मागे ठेवले. प्रत्यक्षात हा बदल अपेक्षेपेक्षा लवकर झाला. देशभरातून सुमारे १ लाख झाडे देणगी म्हणून आली आणि सुमारे १ लाख १० हजार तरुणांनी श्रमदान केले. आजही तेथे एक नियम काटेकोरपणे पाळला जातो : रस्त्यावर पडलेले पान झाडून जंगलातच परत टाकायचे, एकही पान बाहेर जाऊ द्यायचे नाही. लांब झाडू घेऊन काम करणारे सेवक दिसतील, त्यांच्याकडे आईबाबांचे लक्ष जरूर वेधावे.

मनीषा_क

रानभूल, कापराची झाडे म्हणजे आपण आरतीला जो कापूर लावतो तोच का?

रानभूल

होय, मनीषाताई. नैसर्गिक कापूर याच झाडाच्या लाकडापासून काढत असत. आता बाजारात मिळणारा कापूर बहुतांश कृत्रिम असतो. मुख्य मंदिराच्या अंगणात कापराचे दोन मोठे वृक्ष शेजारी शेजारी उभे आहेत आणि दोघांना मिळून एकच पवित्र दोर बांधलेला आहे. त्यांना जोडप्याचे वृक्ष मानतात आणि सुखी संसारासाठी लोक त्यांच्यासमोर हात जोडतात. वैजयंतीताईंच्या आईबाबांनी तेथे थोडा वेळ अवश्य थांबावे.

गणेशशास्त्री

मूळ प्रश्न विचारणाऱ्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा, कारण प्रश्न खरोखर विचार करण्याजोगा आहे. शिंतो परंपरेत ‘कामी’ म्हणून ज्यांची पूजा होते त्यांत पर्वत आहेत, धबधबे आहेत, वृक्ष आहेत, पुराणातील देवता आहेत आणि माणसेही आहेत. नवव्या शतकात जन्मलेले विद्वान सुगावारा नो मिचिझाने मृत्यूनंतर तेन्जिन या नावाने विद्येचे दैवत झाले आणि आजही परीक्षेपूर्वी विद्यार्थी त्यांच्याकडे जातात. निक्को येथे एदो काळाची राजवट स्थापन करणारे शोगुन तोकुगावा इएयासू यांचे देवस्थान आहे. तेव्हा मेइजी सम्राटांना देवस्थान मिळणे ही त्या परंपरेला अपरिचित गोष्ट नव्हती.

ही समाधी नाही, हेही लक्षात घ्यावे. सम्राटांचे निधन १९१२ मध्ये झाले आणि त्यांना क्योतोजवळच्या फुशिमी मोमोयामा येथे पुरण्यात आले. आपल्या शहरात त्यांची काही तरी स्मृती असावी अशी मागणी टोकियोतील नागरिकांनी लावून धरली. ज्यांचे चित्र २०२४ पासून १०,००० येनच्या नोटेवर आहे ते उद्योगपती शिबुसावा एइइची त्या मागणीत पुढे होते. सम्राज्ञी शोकेन १९१४ मध्ये निवर्तल्या आणि १ नोव्हेंबर १९२० रोजी दोघांच्या नावे या देवस्थानाची स्थापना झाली. म्हणजे तेथे अस्थी नाहीत, मूर्ती नाही. जे आहे ते एका पिढीने आपल्या काळाविषयी व्यक्त केलेल्या कृतज्ञतेचे स्थान आहे. ज्याच्यासमोर कोणी मनापासून कृतज्ञ होते, त्याच्यासमोर आपणही आदराने झुकावे, यात आपल्या श्रद्धेला बाधा येते असे मला वाटत नाही. आपल्याकडे संतांच्या पादुकांना वंदन करणारा माणूसही देव आणि संत यांतील भेद जाणूनच वंदन करतो.

इतिहासवाचक

शास्त्रीजी, आदर राखूनच असहमती नोंदवतो. ‘कृतज्ञता’ हा शब्द अपुरा आहे. मेइजी सम्राटांच्या कारकिर्दीत जपानने शाळा, रेल्वे, कायदा, उद्योग यांत विलक्षण झेप घेतली हे खरेच. पण त्याच कारकिर्दीत १८९४-९५ चे चीनशी युद्ध, १९०४-०५ चे रशियाशी युद्ध आणि १९१० मध्ये कोरियाचे सामिलीकरण झाले. शिंतो आचार तेव्हा राज्याच्या हाती होता आणि सम्राटाविषयीची भक्ती शाळेपासून सैन्यापर्यंत शिकवली जात होती. सोलमध्ये १९२५ साली जपानी सत्तेने चोसेन जिंगू नावाचे देवस्थान उभारले, त्यात सूर्यदेवता आमातेरासू यांच्याबरोबर याच सम्राट मेइजींची प्रतिष्ठापना होती, आणि पुढे कोरियन लोकांना तेथे वाकण्याची सक्ती झाली. एखाद्या कोरियन माणसाला मेइजी जिंगूच्या अंगणात काय वाटत असेल, याचा विचार मनात असू द्यावा. वैजयंतीताईंच्या वडिलांचा संकोच मला योग्य वाटतो.

अनघा_योकोहामा

इतिहासवाचक यांनी लिहिलेला इतिहास खरा आहे आणि तो झाकून ठेवू नये. मात्र एक भेद सांगणे आवश्यक वाटते. युद्धात मरण पावलेल्यांची आणि त्यांच्याबरोबर युद्धगुन्हेगार ठरलेल्यांचीही प्रतिष्ठापना असल्यामुळे ज्यावरून शेजारी देशांशी वारंवार वाद होतो, ते यासुकुनी देवस्थान वेगळे. ते टोकियोतच, पण कुदान भागात आहे. अनेक भारतीय पर्यटक या दोहोंत गल्लत करतात.

१९४५ च्या डिसेंबरात दोस्त राष्ट्रांच्या आदेशाने शिंतो आणि राज्य यांची फारकत झाली, १९४६ च्या नववर्षदिनी तत्कालीन सम्राटांनी आपण देव असल्याची कल्पना जाहीरपणे नाकारली, आणि नव्या राज्यघटनेने धार्मिक संस्थांना सरकारी पैसा देण्यास मनाई केली. त्याआधी, एप्रिल १९४५ मध्ये, बॉम्बहल्ल्यात मेइजी जिंगूची मुख्य मंदिरे जळाली होती. आज दिसते ती वास्तू १९५८ मध्ये लोकांच्या देणग्यांतून पुन्हा उभी राहिलेली आहे. आज तेथे येणारी तरुण मुले सम्राटाचे राज्य मागायला येत नाहीत. कोणी परीक्षेसाठी येते, कोणी बाळ झाले म्हणून येते, कोणी लग्नासाठी येते.

सम्राज्ञी शोकेन यांच्याविषयीही एक गोष्ट लिहिते, कारण त्यांचे नाव नेहमी सम्राटांच्या सावलीत राहते. १९१२ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसला १ लाख येन दिले आणि ते युद्धकाळासाठी न ठेवता शांततेच्या काळातील मदतकार्यासाठी वापरावे असे सुचवले. त्या निधीतून आजही दरवर्षी वेगवेगळ्या देशांतील रेडक्रॉस संस्थांना अनुदान मिळते. वैजयंतीच्या बाबांना सम्राटांपुढे हात जोडताना संकोच वाटला, तर त्यांनी या बाईंना स्मरून हात जोडावेत.

निशीकासाईकर

अनघाताईंचे शेवटचे वाक्य फार आवडले.

कोकणकडा

रानभूल यांचे लेखन वाचताना मला आमच्या सिंधुदुर्गातल्या देवरायाच डोळ्यांसमोर आल्या. तेथेही पालापाचोळा बाहेर न्यायचा नाही, वाळलेली फांदी उचलायची नाही, असे दंडक वाडवडिलांनी घालून दिलेले आहेत. जपानने मोठ्या शहराच्या मध्यभागी शंभर वर्षांत देवराई उभी केली, मग आपण उभी करू शकत नाही का?

रानभूल

कोकणकडा, तुमची तळमळ मला पूर्ण पटते, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. मेइजी जिंगूचे जंगल लावलेले आहे. आपल्या देवराया या मूळच्या अरण्याचे राखून ठेवलेले तुकडे आहेत आणि त्यांतील वनस्पतींची साखळी कितीतरी जुनी आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यातून त्यांचे मोल शास्त्रीय जगासमोर आले. तुटलेली देवराई शंभर वर्षांत पुन्हा लावता येईल असा समज मेइजी जिंगूचे उदाहरण देऊन कोणी करून घेतला, तर ते घातक ठरेल.

जपानचा स्वतःचा अनुभवही हेच सांगतो. १९०६ पासून सरकारने गावोगावची लहान देवस्थाने एकत्र करण्याचे धोरण जोरात राबवले, हजारो देवस्थाने बंद झाली आणि त्यांच्याभोवतीच्या जुन्या राया तोडून विकल्या गेल्या. वाकायामा भागातील निसर्गाभ्यासक मिनाकाता कुमागुसू यांनी त्याविरुद्ध लेख लिहिले, सभा गाजवल्या आणि १९१० मध्ये काही दिवस कोठडीही भोगली. एकीकडे खेड्यांतल्या शतकानुशतकांच्या राया जात होत्या आणि थोड्याच वर्षांत राजधानीत नवी राई लावली जात होती. मेइजी जिंगूच्या सावलीत चालताना मला मिनाकातांची आठवण येते.

कोकणकडा

हा मुद्दा पटला. राखणे आधी आणि लावणे नंतर, हा क्रम मी मान्य करतो. तरीही ओसाड माळावर स्थानिक झाडे लावताना तीन पिढ्यांपुढचा आराखडा काढून ठेवण्याची त्यांची रीत आपण घेण्यासारखी आहे.

वास्तुरंग

मंदिराच्या बांधणीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते. समीर यांना रंग दिसले नाहीत, कारण येथे मुद्दामच रंग दिलेला नाही. न रंगवलेले हिनोकीचे लाकूड आणि तांब्याची छपरे, काळानुसार हिरवी पडलेली, एवढ्यावर ही वास्तू उभी आहे. रस्त्याच्या वळणावरची मोठी तोरी १२ मीटर उंच असून तिचे खांब १.२ मीटर व्यासाचे आहेत. पहिल्या तोरीचे वीज पडून नुकसान झाले, म्हणून १९७५ मध्ये तैवानच्या डोंगरातील दीड हजार वर्षांहून जुन्या सायप्रसच्या लाकडातून ही नवी उभी केली. तिच्या खांबाजवळ उभे राहून वर पाहावे.

मूळ मंदिराच्या आराखड्यात इतो चूता या वास्तुकाराचा मोठा वाटा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी चीन, भारत आणि तुर्कस्तानचा दीर्घ अभ्यासप्रवास केला. त्यांचेच १९३४ मधील त्सुकिजी होंगानजी हे बौद्ध मंदिर टोकियोत आहे आणि त्याच्या दर्शनी भागावरची कमान पाहून आपल्याकडच्या माणसाला अजिंठ्याच्या चैत्यगवाक्षाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. एकाच माणसाच्या हातून एकीकडे इतके संयत शिंतो मंदिर आणि दुसरीकडे असे भारतीय वळणाचे बौद्ध मंदिर घडले, म्हणून दोन्ही एकाच प्रवासात पाहावीत अशी माझी मनापासून शिफारस आहे.

मनीषा_क

रस्त्यात पेंढ्याने गुंडाळलेल्या पिंपांची जी भिंत दिसते, ती कसली?

वास्तुरंग

ती साकेची, म्हणजे तांदळापासून बनवलेल्या मद्याची पिंपे आहेत. देशभरातील साके बनवणारे ती देवस्थानाला अर्पण करतात. समोरच्या बाजूला फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातून आलेली वाइनची लाकडी पिंपे आहेत, कारण मेइजी सम्राटांनी पाश्चात्त्य चालीरीती आणि भोजन स्वीकारण्यात स्वतः पुढाकार घेतला होता.

सुलभा_कोथरूड

एक नाजूक प्रश्न विचारते. अलीकडेच आमच्या घरात निधन झाले आहे आणि आम्हीही पुढच्या महिन्यात टोकियोला जाणार आहोत. अशा वेळी शिंतो देवस्थानात गेलेले चालते का?

अनघा_योकोहामा

सुलभाताई, आपल्या दुःखात मी सहभागी आहे. शिंतो आचारात मृत्यूनंतरच्या अशौचाची कल्पना आहे आणि घरात मृत्यू झाला असता साधारणपणे ५० दिवस देवस्थानात जाऊ नये, असे मानतात. परदेशी पाहुण्याला तेथे कोणी काही विचारत नाही. परंतु ज्यांना ती मर्यादा पाळावीशी वाटते त्यांनी तोरीच्या आत जाऊ नये. बौद्ध मंदिरांना हा निषेध लागू नाही, त्यामुळे सेन्सोजी किंवा वर उल्लेख आलेले त्सुकिजी होंगानजी येथे आपण निःशंकपणे जाऊ शकता.

नागरिक_टोकियो

जंगलाचे एवढे कौतुक झाले आहे, तेव्हा चालू काळातील एक वादही येथे नोंदवला पाहिजे. मंदिर ज्या भागात आहे ते आतले उद्यान. थोड्या अंतरावर जिंगू गाइएन नावाचे बाहेरचे उद्यान आहे, तेही लोकांच्या देणग्यांतून तयार होऊन १९२६ मध्ये देवस्थानाच्या स्वाधीन झाले. तेथे १४६ गिंको वृक्षांचा प्रसिद्ध रस्ता आणि जुने बेसबॉल मैदान आहे. तेथील मैदाने पाडून नवी बांधण्याच्या आणि उंच इमारती उभारण्याच्या योजनेला टोकियो प्रशासनाने २०२३ च्या फेब्रुवारीत मंजुरी दिली. संगीतकार साकामोतो र्‍यूइची यांनी मृत्यूच्या काही आठवडे आधी राज्यपालांना पत्र लिहून विरोध कळवला, अनेक नागरिकांनी सह्या गोळा केल्या. नंतर आराखड्यात बदल करून तोडायच्या झाडांची संख्या कमी करण्यात आली, पण २०२४ च्या ऑक्टोबरात तोड सुरू झाली.

या योजनेच्या भागीदारांत स्वतः मेइजी जिंगूही आहे, हे मला सर्वांत जास्त सलते. ज्या संस्थेने एक पान बाहेर जाऊ दिले नाही, तिने दुसऱ्या उद्यानातील जुनी झाडे तोडण्यास संमती का द्यावी?

निशीकासाईकर

आपली वेदना समजते, पण दुसरी बाजूही सांगतो. राज्यघटनेमुळे देवस्थानाला सरकारी मदत मिळत नाही. आतले जंगल आणि मंदिरे राखण्यासाठी लागणारा पैसा मोठ्या प्रमाणावर बाहेरच्या उद्यानातील मैदानांच्या उत्पन्नातून येतो आणि ती मैदाने जीर्ण झाली आहेत, असे देवस्थानाचे म्हणणे आहे. पैसा आकाशातून पडत नाही, हे मान्य करायला हवे.

नागरिक_टोकियो

पैशाची गरज मी नाकारत नाही. परंतु १९१५ मध्ये पंतप्रधानांना ‘हे झाड या मातीत जगणार नाही’ असे सांगण्याचे धैर्य शास्त्रज्ञांनी दाखवले आणि ते ऐकलेही गेले. आता गिंकोंच्या मुळांना नव्या बांधकामाने धोका पोहोचेल असे तज्ज्ञ सांगत असताना तेच धैर्य आणि तीच ऐकण्याची तयारी दिसावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. या मुद्द्यावर आपले एकमत होणार नाही असे दिसते, पण येणाऱ्या पाहुण्यांनी दोन्ही उद्याने पाहावीत आणि स्वतः विचार करावा.

समीर_ठाणे

हा धागा वाचून एवढे नक्की सांगतो की पुढच्या वेळी मी त्या रस्त्याने झाडांकडे पाहत चालेन. अंगणापर्यंत पोहोचण्याची घाई करणार नाही.

वैजयंती_नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाबांनी सगळे प्रतिसाद मला मोठ्याने वाचायला लावले. इतिहासवाचक यांचा मुद्दा त्यांना अतिशय महत्त्वाचा वाटला, आणि तरीही त्यांनी दर्शन घ्यायचे ठरवले आहे. ज्या तरुणांनी कोणाचेही नाव कोरून न ठेवता झाडे लावली, त्यांच्यासाठी आणि सम्राज्ञींच्या त्या निधीसाठी मी वाकेन, असे ते म्हणाले. आईला असा काही प्रश्न पडलेलाच नव्हता, ती पहिल्यापासून टाळ्यांचा क्रम पाठ करत आहे.

आता शेवटच्या दोन शंका. देवस्थानात प्रार्थना लिहून टांगायची जी लाकडी पाटी मिळते, तिच्यावर मराठीत लिहिले तर चालेल का? आणि ३ नोव्हेंबरला जावे की दुसरा दिवस निवडावा?

अनघा_योकोहामा

मराठीत अवश्य लिहावी. तेथे जगातल्या कितीतरी भाषांतील पाट्या टांगलेल्या असतात. मात्र दुसऱ्यांनी लिहिलेल्या पाट्यांची छायाचित्रे काढू नयेत, त्या खाजगी प्रार्थना असतात. भविष्याची चिठ्ठी घेणार असाल तर एक लक्षात ठेवा की येथील चिठ्ठ्यांवर शुभ-अशुभ लिहिलेले नसते. सम्राटांची किंवा सम्राज्ञींची एखादी छोटी कविता आणि तिचा आशय असतो. सम्राटांनी आयुष्यभरात सुमारे १ लाख कविता रचल्या असे सांगतात. चिठ्ठी इंग्रजीतही मिळते आणि ती झाडाला न बांधता घरी आणली तरी चालते.

निशीकासाईकर

३ नोव्हेंबर हा सम्राट मेइजींचा जन्मदिवस आणि सार्वजनिक सुट्टीचा दिवस. तेव्हा शरद ऋतूतला मोठा उत्सव असतो, पारंपरिक नृत्ये होतात आणि धावत्या घोड्यावरून नेम साधणारे धनुर्धारी पाहायला मिळतात. गर्दी पुष्कळ असते, पण नववर्षासारखी नाही, कारण नववर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत येथे सुमारे ३० लाख लोक येतात. आईबाबांना गर्दीचा त्रास होत नसेल तर ३ तारीख जरूर साधावी. त्रास होत असेल तर एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी आठच्या आत पोहोचावे. शनिवार-रविवारी गेलात तर लाल छत्रीखालून जाणारी लग्नाची मिरवणूक दिसण्याची शक्यता बरीच असते, आणि नोव्हेंबर असल्यामुळे तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना किमोनो नेसवून दर्शनाला आणणारी कुटुंबेही भेटतील.

आवारातील जुन्या बागेत जाण्यासाठी ५०० येन द्यावे लागतात. तिच्यातली आयरिसची फुले जूनमध्ये येतात, त्यामुळे तुम्हाला ती दिसणार नाहीत, पण वर उल्लेख आलेल्या काटो घराण्यातील सरदार काटो कियोमासा यांच्या नावाने ओळखली जाणारी जिवंत झऱ्याची विहीर पाहण्यासाठी तेथे जायला हरकत नाही. केंगो कुमा यांनी आखलेले संग्रहालय गुरुवारी बंद असते, तेवढे पाहून दिवस ठरवावा.

वैजयंती_नाशिक

मग ३ तारीखच ठरवते. पहाटे निघून आधी दर्शन आणि जुनी बाग, नंतर उत्सव, आणि दुसऱ्या दिवशी त्सुकिजी होंगानजी. सुलभाताई, त्या दिवशी तुम्हीही टोकियोत असाल तर त्सुकिजीला आपण एकत्र जाऊ. मला येथे निरोप पाठवावा.